मापाची सायकल

मी नववीत होतो तेव्हाची गोष्ट. थोरल्या चुलतभावाने वापरून सोडलेली बावीस इंची काळी सायकल माझ्या वाट्याला आली होती. एके दिवशी तिची तिरपी नळी हँडलच्या नळीला जिथे मिळते, तिथला सांधा हलू लागला. गल्लीच्या तोंडाशी गॅसने डाग देणारा एक कारागीर बसत असे. त्याने ज्योत पेटवली, पितळेची कांडी वितळवली आणि पाहता पाहता सांध्याभोवती सोन्यासारखे चकचकीत कडे उभे केले. मी खूश झालो. कारागीरही खूश होता.

तीन आठवड्यांनी शाळेच्या उतारावर ते कडे जागच्या जागी राहिले आणि नळी मात्र आतून सुळकन बाहेर आली. माझ्या कोपराचे आणि एका दाताचे काय झाले ते इथे सांगण्याचे कारण नाही. लक्षात राहिले ते वेगळेच. बाहेर आलेले नळीचे टोक तव्यासारखे काळे होते. त्यावर पितळेचा एक ठिपकासुद्धा नव्हता. बाहेरून एवढे पितळ दिसत होते, मग आत का नव्हते?

या प्रश्नाचे उत्तर मला पुष्कळ वर्षांनी मिळाले, आणि ते घरच्या घरी सायकलचे सांगाडे घडवणाऱ्या लोकांच्या कामात सापडले. इंग्लंड, इटली, अमेरिका, जपान अशा देशांत हे काम करणारे हौशी आणि व्यावसायिक कारागीर आहेत. घरामागची एखादी शेड, एक भक्कम टेबल, शेगडा, कानशी आणि गॅसची ज्योत एवढ्या सामग्रीवर ते एका वेळी एक सांगाडा तयार करतात. चाके, साखळी, ब्रेक हे सारे बाजारातून येते. घडवायचा असतो तो फक्त सांगाडा, ज्याला आपण फ्रेम म्हणतो.

विमान बनवणारे राइट बंधूही या धंद्यातलेच. अमेरिकेतील डेटन गावी सायकलचे दुकान चालवता चालवता १८९६ साली त्यांनी स्वतःच्या सायकली बनवायला घेतल्या. १९०१ मध्ये पंखावर हवेचा जोर किती पडतो हे ताडून पाहण्यासाठी त्यांनी सायकलच्या हँडलवर एक तिसरे चाक आडवे बसवले, त्याला पंखाचा नमुना लावला आणि सायकल दामटली. हाताशी असलेल्या वस्तूंतून प्रयोग उभा करण्याची ही सवय सायकलच्या दुकानातच लागली असावी, असे मला वाटते.

पण बाजारात तयार सायकली मिळत असताना एवढा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर तुमच्या शाळेच्या सायकल-तळावरच आहे. आपल्याकडच्या उभ्या काळ्या सायकली वीस, बावीस आणि चोवीस इंच अशा ठरावीक मापांत येत आल्या आहेत. हे माप म्हणजे सीटच्या नळीची लांबी. दोन सायकलस्वारांची उंची सारखी असली तरी एकाचे पाय लांब असतात, तर दुसऱ्याचे धड. मोठ्यांच्या सायकलवर नळीच्या मधून पाय घालून हाफ पेडल मारणाऱ्या मुलाला मापाचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही! म्हणून घरगुती कार्यशाळेतले काम ज्योतीपासून सुरू होत नाही, शिंप्याप्रमाणे मोजपट्टीपासून सुरू होते. पायाची आतल्या बाजूची उंची, धडाची उंची, हाताची लांबी, खांद्यांची रुंदी ही मापे घेतली जातात. पायाच्या आतल्या उंचीला ०.६५ ने गुणले की सीटच्या नळीची लांबी साधारणपणे मिळते, असा एक ठोकताळा आहे. ८० सें. मी. पाय असेल तर ५२ सें. मी. नळी.

स्वतःच्या मापाची सायकल माणसाला कुठवर नेऊ शकते, याचे एक विलक्षण उदाहरण स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्री याचे आहे. एका तासात जास्तीत जास्त अंतर काटण्याचा विक्रम इटलीच्या फ्रान्चेस्को मोझेरच्या नावावर होता, ५१.१५१ कि. मी. हा विक्रम १९८४ साली मेक्सिको शहरात झाला होता. ते शहर समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटर उंचीवर आहे, त्यामुळे तिथली हवा विरळ आणि तिचा अडथळा कमी. ओब्रीने ठरवले की हवेचा अडथळा आपण आपल्या बसण्याच्या पद्धतीनेच कमी करायचा. हात छातीखाली दुमडून, पुढे ओणवे होऊन तो बसे. शिवाय दोन्ही पाय शक्य तितके जवळ असावेत, अशी त्याची कल्पना होती. तयार सायकलीत ते जमण्यासारखे नव्हते. मग त्याने स्वतःच सांगाडा घडवला. पेडलांमधले अंतर कमी केले आणि गुडघ्यांना अडणारी वरची आडवी नळी काढूनच टाकली. पेडलच्या आसासाठी त्याने धुलाईयंत्राचे बेअरिंग वापरले. ते यंत्र मिनिटाला हजाराहून अधिक फेरे घेते, तेव्हा त्याचे बेअरिंग चांगलेच असणार, असा त्याचा सरळ हिशेब!

१६ जुलै १९९३ रोजी नॉर्वेतील हामार येथे त्याने याच सायकलच्या नव्या प्रतिकृतीवर प्रयत्न केला आणि विक्रम हुकला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा धावपट्टीवर आला, या वेळी आपली जुनी, हातची सायकल घेऊन. तासाभराने आकडा होता ५१.५९६ कि. मी. सहाच दिवसांनी इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमनने हा विक्रम मोडला. एप्रिल १९९४ मध्ये ओब्रीने तो ५२.७१३ कि. मी. करून परत मिळवला, आणि त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याच्या बसण्याच्या पद्धतीवर बंदी घातली. नियम योग्य की अयोग्य, यावर वाद घालायला वर्गात एखादा तास छान जाईल.

आता कार्यशाळेत परत येऊ. मापे घेतली की सायकलचे चित्र कागदावर पूर्ण आकारात काढतात. चित्रात सर्वांत नाजूक जागा म्हणजे पुढचे चाक. नीट पाहिलेत तर हँडलची नळी सरळ उभी नसते, मागे झुकलेली असते, आणि चाक धरणारा चिमटा खाली जरा पुढे वळलेला असतो. हँडलच्या नळीची रेषा जमिनीपर्यंत वाढवा. चाक जिथे जमिनीला टेकते त्याच्या थोडी पुढे ती जमिनीला मिळेल. या दोन बिंदूंमधल्या अंतराला ट्रेल म्हणतात. रुग्णालयातल्या ढकलगाडीची छोटी चाके गाडी जाईल त्या दिशेला आपोआप वळतात, कारण चाक आपल्या खुंटीच्या मागून येत असते. सायकलच्या पुढच्या चाकाचेही तेच.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना ट्रेल काढता येईल. चाकाची त्रिज्या ३४० मि. मी., हँडलच्या नळीचा जमिनीशी कोन ७३ अंश आणि चाकाचा आस त्या नळीच्या रेषेपुढे ४५ मि. मी. आहे असे समजा. त्रिज्येला कोनाच्या कोसाइनने गुणा, त्यातून ४५ वजा करा आणि उरलेल्याला कोनाच्या साइनने भागा. उत्तर येते सुमारे ५७ मि. मी. आता तोच कोन ७२ अंश घेऊन पाहा. उत्तर ६३ च्या आसपास येईल. एका अंशाच्या चुकीने सहा मिलिमीटरचा फरक! सायकल हाताला जड लागणे किंवा चंचल वाटणे यामागे असले फरक असतात.

नळ्यांबद्दल थोडक्यात सांगतो. घरगुती कारागिराची आवडती धातू अजूनही पोलाद हीच आहे, कारण ते ज्योतीने जोडता येते आणि तुटण्यापूर्वी बहुधा तडा दाखवून सूचना देते. या नळ्या टोकांशी जाड आणि मध्ये पातळ असतात. १८९७ साली बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी अशा नळीचे पेटंट घेतले. पुढे १९३५ मध्ये त्यांच्या कंपनीने मँगॅनीज-मॉलिब्डेनम पोलादाची ‘५३१’ ही नळी काढली आणि कित्येक दशके शर्यतीच्या सायकली तिच्यावर धावल्या. बाहेरून २८.६ मि. मी. व्यासाची, ५६० मि. मी. लांबीची नळी सर्वत्र ०.९ मि. मी. जाड ठेवली तर वजन भरते सुमारे ३४४ ग्रॅम. मधला ४०० मि. मी. भाग ०.६ मि. मी. केला तर ८० ग्रॅम वाचतात. पोलादाची घनता ७.८५ धरून हिशेब पडताळून पाहा. टोके पातळ करून चालत नाही, कारण सांध्याजवळ ताण जास्त असतो आणि ज्योतीची झळही तिथेच बसते.

आता एक सोपा प्रयोग. एक सरळ, जाड गाजर घ्या. त्याभोवती कागदाची पट्टी दोन वेढे घट्ट गुंडाळा आणि कागदासकट गाजर धारदार सुरीने तिरपे कापा. कागद उलगडून पाहा. कापलेली कड सरळ नसेल, तिच्यावर सुरेख लाट उमटलेली असेल. तुमच्या गणिताच्या पुस्तकातला साइन वक्र तो हाच! एक नळी दुसऱ्या नळीला टेकवायची तर तिचे टोक असेच विशिष्ट वक्रात कापावे लागते. समोरच्या नळीची गोलाई सामावून घेण्यासाठी ते माशाच्या उघड्या तोंडासारखे दिसते. कारागीर वक्राचा कागद काढून नळीला चिकटवतो, करवतीने जाडेभरडे कापतो आणि मग अर्धगोल कानशीने घासत बसतो. दोन नळ्या एकमेकींना लावून दिव्यासमोर धरायच्या. फटीतून उजेड दिसला की पुन्हा कानस.

बऱ्याच सांगाड्यांत नळ्यांच्या कोपऱ्यावर पोलादाची बाही असते. तिला लग म्हणतात. आपल्या काळ्या सायकलींच्या सांध्यांवरही ती दिसते. नळी लगमध्ये शिरते, आणि दोहोंच्या मधल्या जागेत पितळ किंवा चांदीचा मिश्रधातू वितळवून भरतात. नळीचे पोलाद इथे मुळीच वितळत नाही. त्याचा वितळबिंदू १,४०० अंश सेल्सिअसच्या वर आहे. पितळ ९०० अंशांच्या जवळपास वितळते, तर चांदीचा चांगला मिश्रधातू ६५० अंशांतच पाणी होतो.

प्रश्न असा की, हा वितळलेला धातू फटीत शिरतो कसा? कारागीर तो आत ढकलत नाही. वरून ओतला तर खाली गळेल म्हणावे, पण सांधा उलटा धरला तरी धातू वर चढतो! काचेच्या दोन पट्ट्या एकमेकींना जवळजवळ चिकटवून पाण्यात उभ्या धरा. पाणी त्यांच्यामधून वर चढेल, आणि जिथे पट्ट्या अधिक जवळ असतील तिथे अधिक वर चढेल. हे केशाकर्षण. वितळलेल्या चांदीचा पृष्ठताण पाण्याच्या दहापटीहून जास्त असतो, तेव्हा तिची ओढ केवढी असेल पाहा. मात्र फट बेताची हवी. चांदीच्या मिश्रधातूसाठी ०.०५ ते ०.१३ मि. मी., म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीएवढी. फट मोठी झाली की ओढ संपते, आणि फट अजिबात नसली तर धातूला वाटच मिळत नाही. कानशीने इतका वेळ घासत बसण्याचे कारण आता कळले ना?

दुसरी अट स्वच्छतेची. काच पाण्याने भिजते म्हणून पाणी वर चढते. अळूच्या पानावर मात्र पाणी थेंब होऊन घरंगळते. तापलेल्या पोलादावर हवेतल्या ऑक्सिजनने काळा थर चढतो, आणि त्या थरावर पितळाची गत अळवावरच्या पाण्यासारखी होते. म्हणून आधी सांध्याच्या आतबाहेर पॉलिश कागदाने घासून पोलाद पांढरे काढतात आणि त्यावर टाकणखाराचा लेप देतात. सोनारही टाकणखार वापरतो, तो याचसाठी. तापवल्यावर टाकणखार आधी लाहीसारखा फुगतो, मग काचेसारखा पातळ होऊन पसरतो, तयार झालेला काळा थर विरघळवतो आणि हवेला दूर ठेवतो. चांदीचा मिश्रधातू कमी तापमानाला वितळतो, तिथे नुसता टाकणखार पुरेसा पातळ होत नाही. त्यासाठी फ्लोराइडयुक्त लेप वापरतात. त्याचा धूर अपायकारक असतो, म्हणून खिडक्या उघड्या आणि पंखा चालू ठेवावा लागतो. जुन्या काळच्या काही चांदीच्या कांड्यांत कॅडमियम असे. त्याची वाफ प्राणघातक ठरू शकते, म्हणून कॅडमियमविरहित कांडीच घ्यावी लागते.

तिसरी अट उष्णतेची, आणि खरे कसब इथे आहे. वितळलेला धातू उष्णतेकडे धावतो. ज्योत फक्त बाहीवर धरली तर बाही लाल होते, आतली नळी मागे राहते आणि पितळ बाहेरच्या बाहेर थिजते. म्हणून ज्योत सारखी फिरती ठेवून आधी आतली नळी, मग बाही, असे दोन्ही एकाच रंगाला आणायचे. उजेडात तापल्या पोलादाचा रंग फिका वाटतो, त्यामुळे बरेच कारागीर खोली जरा अंधारी ठेवतात. पितळेसाठी मंद नारिंगी, तर चांदीसाठी अंधारात जेमतेम दिसणारी लाली पुरे. रंग गाठला की कांडी बाहीच्या एका कडेला टेकवायची आणि ज्योत विरुद्ध कडेला न्यायची. थोड्याच वेळात त्या दुसऱ्या कडेवर एक बारीक, चमकती रेघ उमटते. धातू आतून पार होऊन आल्याची ती खूण. अति तापवले तर पितळेतून पांढरा धूर निघतो, कारण पितळेतले जस्त ९०७ अंशांना उकळते. हा धूर नाकात गेला तर संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, आणि जस्त उडून गेल्याने सांधाही सच्छिद्र होतो.

माझ्या सायकलीचे कोडे आता उलगडते. सांधा न सोडवताच डाग दिला होता. आत गंज, तेल आणि जुना रंग तसाच होता. टाकणखार तिथवर पोचला नाही, ज्योत बाहेरूनच लागली. पितळेने बाहीला धरले, नळीला नाही. कारागिराला मी दोष देत नाही. नळी सोडवून, घासून, नव्याने बसवायची तर अर्धा दिवस गेला असता, आणि माझ्या खिशात तेवढे पैसे नव्हते.

आणखी एक बारकावा, कारण तो तुमच्या पुस्तकातल्या वायूच्या नियमाशी संबंधित आहे. दोन्ही टोके बंद असलेली नळी तापवली तर आतली हवा कुठे जाणार? २७ अंश सेल्सिअस म्हणजे ३०० केल्विन, आणि ९२७ अंश म्हणजे १,२०० केल्विन. सगळी हवा त्या तापमानाला गेली तर दाब चौपट होईल. एवढे न झाले, तरी वितळलेले पितळ बाहेर फेकायला दाब पुरेसा असतो. म्हणून प्रत्येक बंद नळीला, सांध्याआड लपेल अशा जागी, एक छोटे भोक पाडून ठेवतात. हे भोक विसरलेल्या नवशिक्यांच्या भुवया जळाल्याच्या कथा कारागीर चवीने सांगतात.

सांधे एकदम जोडत नाहीत. तापल्यावर पोलाद वाढते, निवताना आकसते, आणि सगळे समान निवत नाही. १०० मि. मी. लांबी ६०० अंशांनी तापली तर सुमारे पाऊण मिलिमीटर वाढते. म्हणून सांगाडा साच्यात धरून आधी ठिकठिकाणी एकेक टाका घालतात, मोजतात, मग सांधे पुरे करतात. गरम सांध्यावर पाणी ओतायचे नाही, हवेतच निवू द्यायचे. शेवटी सांगाडा सरळ आहे की नाही हे पाहायला महागडे यंत्र लागत नाही. मागच्या चाकाच्या एका खोबणीला सुतळी बांधा, ती हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूने मागे आणा आणि ताणून दुसऱ्या खोबणीला बांधा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या सुतळीचे अंतर मोजा. ते सारखे भरले पाहिजे. तुमची सायकल कधी पडली असेल तर ही परीक्षा तिच्यावरही करून पाहा. ज्योतीचे काम मात्र तंत्रशाळेत, शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि गडद चष्मा लावूनच करावे.

मीही ते तसेच शिकलो. सरांनी मला नळीचे आणि बाहीचे टाकाऊ तुकडे दिले आणि सांगितले, जोड आणि मग उभा कापून दाखव. पहिला सांधा बाहेरून इतका देखणा झाला होता की कापवेना. कापला तर पितळ बाहीच्या तोंडापाशीच थांबलेले, पुढे सारे काळे. दुसऱ्यात ते निम्म्यापर्यंत गेले होते. तिसऱ्यात मी इतके तापवले की पांढरा धूर निघाला, आणि सरांनी मला बाहेर पाठवले. चौथा बाहेरून ओबडधोबडच दिसत होता. शेगड्यात धरून तो कापला, घासला आणि पाहिले. नळी आणि बाही यांच्यामध्ये, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, केसाएवढी पिवळी रेघ होती. सरांनी तो तुकडा खिडकीपाशी नेऊन उलटसुलट पाहिला आणि मला पाचवी नळी कापायला सांगितली, या वेळी खऱ्या मापाची.